कांद्याची पट्टी आणि एक हसरी इमोजी

नमस्कार ताई,

मी डोंबिवलीत राहते. सासर निफाड तालुक्यातलं. लग्नाला १४ वर्षं झाली. मिस्टर खासगी कंपनीत आहेत, गावची शेती मोठे दीर बघतात. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. द्राक्षाची बाग परवडेना म्हणून काढली, आता सगळा भर कांद्यावर. सासूबाई सहा महिने तिकडे, सहा महिने आमच्याकडे. एक नणंद सिन्नरला असते.

भांडण घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झालं. २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे कांदा ८० रुपये किलो झाला, तेव्हा यांनी ग्रुपवर टाकलं, ‘आता तरी रडू नका म्हणावं शेतकऱ्यांना.’ भाऊ काही बोलले नाहीत. यंदा एप्रिलात भाव पडला तेव्हा त्यांनी बाजारातल्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचा, फोटो टाकला. ११०० रुपये क्विंटल, त्यातून हमाली-तोलाई वजा. खाली लिहिलं, ‘आता रडू का?’ मग हे पेटले. ‘लोकसभेला ज्यांना मतं दिलीत त्यांना विचारा’ वगैरे. रोज काहीतरी चालू झालं. जूनमध्ये लाडकी बहीणच्या हप्त्याची बातमी आली, तेव्हा यांनी लिहिलं, ‘आपल्या घरातलंही एक मत पंधराशेला गेलं.’ जाऊबाईंबद्दल होतं ते. मी गंमत समजून हसरी इमोजी टाकली. भाऊ त्याच रात्री ग्रुप सोडून गेले. नंतर फोनवर यांच्या तोंडून ‘मग माझा हिस्सा वेगळा करून द्या’ असंही निघालं.

हे मनाने वाईट नाहीत हो. फेब्रुवारीत बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत कर माफ झाला, तेव्हा आनंदाने भाऊंच्या घरीसुद्धा पेढे पाठवले होते. यांचं इंजिनिअरिंग कांद्यावर झालं असं सासूबाई नेहमी सांगतात. जुलैत वरळीला ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले, तर सासूबाई टीव्हीसमोर बसून म्हणाल्या, ‘त्यांचं जमलं, माझ्या पोरांचं कधी जमायचं?’

दर दिवाळीआधी गावाहून दोन गोण्या कांदा यायचा. यंदा आला नाही. डिसेंबरात पुतणीचा साखरपुडा आहे. जाऊबाईंनी फोन केला, पण फक्त मला. ग्रुपवर ‘राजकारण बंद’ असा नियम करावा का? की मी यात पडूच नये?

– डोंबिवलीची एक सून

नियम करू नका.

‘घरात राजकारण नको’ हा नियम ज्यांच्या घरी राजकारण म्हणजे रात्री आठची टीव्हीवरची कुस्ती असते, त्यांच्यासाठी ठीक आहे. तुमच्या मिस्टरांना तो पाळणं काहीच अवघड जाणार नाही. क्रिकेट आहे, लोकलची गर्दी आहे, शिळफाट्याचा ट्रॅफिक आहे, बोलायला पुष्कळ आहे. पण भाऊंनी बोलायचं कशावर? १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हा त्यांच्या कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांदा पडून होता. डिसेंबरात निर्यातच बंद झाली, तेव्हा लाल कांदा काढायला आला होता. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. यातली प्रत्येक तारीख तुमच्या मिस्टरांच्या मोबाइलवर बातमी म्हणून आली असेल, भाऊंच्या घरी ती पट्टीवर आकडा होऊन आली. तुम्ही नियम केलात तर एका भावाला गप्पा मारायची मुभा राहील आणि दुसऱ्याला ‘शेतात कसं चाललंय’ या प्रश्नाचंही उत्तर देता येणार नाही. मग ते ग्रुपमध्ये परत यायचेच कशाला?

तुमचं पत्र वाचताना मला एक गोष्ट बोचली. ८० रुपयांचा तो मेसेज तुम्ही असा लिहिलाय की जणू दोघा भावांची मतं जुळत नाहीत, एवढंच. मतं न जुळण्याचा प्रश्नच नाही. दोघंही खरंच बोलत होते. नोव्हेंबरात डोंबिवलीच्या भाजीवाल्याकडे कांदा महाग होता, हे खरं. पण नोव्हेंबरात उन्हाळ कांदा कोणाकडे उरतो? मार्च-एप्रिलात काढलेला माल चाळीत पाच-सहा महिने टिकतो, पण टिकतो म्हणजे काय ते गोणी फोडणाऱ्याला विचारा. वजन घटतं, खालचा थर सडतो, पावसाळी हवेने कोंब येतात. दिवाळीनंतर जेव्हा भाव चढतो, तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांच्या चाळीत झाडून काढायला पालापाचोळा असतो. पैशाची नड म्हणून त्यांनी जून-जुलैतच विकलेलं असतं. आणि नवा लाल कांदा तर ठेवताच येत नाही. निघाला की आठ-पंधरा दिवसांत बाजार दाखवावाच लागतो. म्हणून डिसेंबर २०२३ ची बंदी इतकी लागली. थांबू म्हणावं तर माल थांबत नाही.

म्हणजे ८० रुपयांचा आनंद भाऊंनी घेतलाच नसण्याची शक्यता मोठी आहे. तरी ते तेव्हा गप्प बसले. पाच महिने गप्प बसून मग पट्टीचा फोटो टाकला. या माणसाला भांडायची हौस आहे असं मला काही वाटत नाही.

थोडं मिस्टरांच्या बाजूनेही बोलते, नाहीतर ते हे वाचून ‘बाई शेतकऱ्यांच्याच’ म्हणून पान उलटतील. शहरात नोकरी करणाऱ्याच्या हातातही फार काही नाही. घराचा हप्ता, शाळेची फी, लोकलचा पास, आणि वर कांदा ८०. त्याने चिडायचं कुणावर? सगळ्यात जवळचा शेतकरी कोण, तर भाऊ. चिडला त्याच्यावर. सरकारंही याच हिशेबाने चालतात, मग ती कोणाचीही असोत. १९९८ साली दिल्ली राज्याचं सरकार कांद्याच्या भावात गेलं, ही आठवण राजधानीत कुणी विसरलेलं नाही. डिसेंबर २०१० मध्ये केंद्रात आजच्यापेक्षा वेगळं सरकार होतं, निर्यात बंदी तेव्हाही आली होती. शहरातला भाव चढला की हात आधी निर्यातीच्या नाडीवर जातो. त्यामुळे ‘तुम्ही ज्यांना मतं दिलीत त्यांना विचारा’ हा टोमणा कोणत्याही भावाने कोणत्याही भावाला मारला, तरी तो पोकळच.

आणि मताचं म्हणाल तर २० मे २०२४ ला नाशिक आणि दिंडोरीत मतदान झालं. कांद्याच्या पट्ट्यात सत्ताधाऱ्यांच्या दोन्ही जागा गेल्या, दिंडोरीत तर केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला राज्यभर वारं उलटं फिरलं. एकाच वर्षात, त्याच माणसांनी. याला कुणी अडाणीपणा म्हणो, मी तर म्हणेन की माणसं दर वेळी आपापला खिसा चाचपून मत देतात, शहरातलीही. तुमच्या सासूबाईंनी दोन्ही वेळी कुणाला दिलं, हे दोघा मुलांपैकी एकालाही माहीत नसणार, पैज लावते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रात ती एका ओळीत आलीय आणि तुम्ही पटकन पुढे गेलात. पंधराशेला गेलेलं मत.

भाऊंनी ८० रुपयांवर ग्रुप सोडला नाही. ‘त्यांना विचारा’वर सोडला नाही. दोन-अडीच महिने रोजची खडाखडी सहन केली आणि बायकोचं नाव न घेता बायकोबद्दल बोललेल्या वाक्यावर उठून गेले. हे भांडण कांद्याचं आहे अशी तुमची समजूत आहे. ते एप्रिलमध्ये होतं. जूनपासून ते तुमच्या जाऊबाईंचं आहे.

त्या १५०० रुपयांबद्दल काय वाटायचं ते मिस्टरांना वाटू दे. योजना निवडणुकीच्या चार महिने आधी, जुलै २०२४ पासून लागू झाली, तिजोरीवर तिचा मोठा भार आहे, त्यावर टीका करायला पूर्ण जागा आहे. मीही केली आहे, याच सदरात. पण एक गोष्ट बघा. शेतीच्या घरात बाई पहाटेपासून राबते. रोपं टाकणं, लागवड, निंदणी, काढणी, कांद्याची पात कापणं, चाळ भरणं, सगळ्यात तिचा हात असतो. पण पट्टी निघते नवऱ्याच्या नावाने, पैसे जमा होतात नवऱ्याच्या खात्यात. २१ ते ६५ वयाच्या, घराचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर दरमहा काही येतं, हे कितीतरी जणींच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. जाऊबाईंनी त्याचं काय केलं असेल? गॅस भरला असेल, लेकीच्या साखरपुड्याला म्हणून बाजूला टाकले असतील. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आणि आता ते पेढे. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, दिल्लीत विधानसभेचं मतदान होतं. तुमच्या मिस्टरांचा वर्षाचा जेवढा कर वाचला असेल, त्यात १५०० चे किती हप्ते बसतात ते त्यांनी एकदा कागदावर मांडावं. तरी भाऊंनी ते पेढे खाल्ले. ‘एवढ्यात विकला गेलास का रे?’ असं काही त्यांनी ग्रुपवर लिहिलं नाही. तुम्ही पत्रात हे पेढे नवऱ्याच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून दिलेत आणि ते चांगुलपणाचेच होते, मला शंका नाही. पण जाऊबाईंना त्या पेढ्यांची चव जूनमध्ये पुन्हा आठवली असेल.

यात तुम्ही कुठे आहात? तुम्ही विचारता, मी पडावं की नको. ताई, तुम्ही पडून झालंय. ती हसरी इमोजी तुमची होती.

रागावू नका. असं आपण सगळ्याच करतो. नवरा काहीतरी बोलतो, ग्रुप एकदम शांत होतो, ती शांतता झेपत नाही म्हणून आपण एक पिवळं तोंड टाकून मोकळ्या होतो. पण तिकडे चुलीपाशी बसून फोन बघणाऱ्या बाईला काय दिसलं? दीर बोलला आणि जाऊ हसली. दीर तिरकस बोलतो हे तिला कदाचित वीस वर्षं माहीत असेल. जाऊ हसेल हे तिला नवं होतं. आणि तरी साखरपुड्याचा फोन तिने तुम्हालाच केला. मला तुमच्या अख्ख्या पत्रात ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तिने दार उघडंच ठेवलंय, फक्त तुमच्या बाजूने.

माझ्या घरचं सांगते. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात शेतकरी संघटनेचं मोठं आंदोलन झालं. शरद जोशी पुढे होते, मागणी उसाच्या आणि कांद्याच्या भावाची. रस्ते अडवले, रेल्वे अडवली. माझे वडील मनमाडला रेल्वेत नोकरीला. मामा चांदवडकडचा, तो आग्रा रोडवर बसलेला. वडील दोन दिवस घरी आले नाहीत. अडकलेल्या गाड्यांमधल्या लोकांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या. पोलिसांच्या काठ्या मामाने खाल्ल्या. नंतर मामा घरी आला तेव्हा वडील त्याला रिकामटेकडा म्हणाले. आईसमोर, आम्हा पोरांसमोर. मामा जेवला नाही, निघून गेला.

पुढे संक्रांतीला तो बाजरीचं पोतं घेऊन आला. नेहमीसारखा. वडील ‘या, बसा’ म्हणाले. आईने सुटकेचा श्वास सोडला, मिटलं म्हणून. कुणी कुणाची माफी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धतच नव्हती. अकरा वर्षांनी माझ्या लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी मानपानावरून काहीतरी फुसकं कारण निघालं आणि मामा भर मांडवात म्हणाला, ‘मी रिकामटेकडा माणूस, मला कशाला विचारता?’ वडिलांना तो शब्द आठवतही नव्हता. त्यांनी आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली, तिला आठवत होता.

म्हणून ‘होईल हळूहळू सगळं’ या भरवशावर बसू नका. गोणी पुन्हा यायला लागेल, लग्नं-बारशी होतील, फोटोत सगळे हसतील, आणि पंधराशे हा शब्द तसाच राहील, पुतणीच्या लग्नापर्यंत किंवा त्याच्याही पुढे.

करायचं काय ते सांगते. आधी तुमचं. जाऊबाईंना फोन करा, ग्रुपवर नको, व्हॉइस मेसेज तर मुळीच नको. साखरपुड्याचं बोला, आहेराचं बोला, आणि त्यातच सरळ सांगा की त्या दिवशी मी हसले ते चुकलं, मला लाज वाटली. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणू नका. ‘तर’ आला की माफी गेली. आणि ‘यांच्या वतीने मी माफी मागते’ हेही नको. नवऱ्याच्या चुकीची माफी मागायचा मक्ता बायकांनी फार वर्षं घेतलाय. तुम्ही तुमची मागा, त्यांची त्यांना मागू द्या.

मिस्टरांनी बोलायचं ते वहिनीशी. भाऊंशी नाही. दोन भाऊ एकमेकांशी बोलायला बसले की पाच मिनिटांत पुन्हा निर्यात शुल्कावर येतील, दोघांनाही तिथेच बरं वाटतं. ज्या बाईबद्दल बोलले तिच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘वहिनी, ते वाक्य मी बोलायला नको होतं.’ एवढंच. त्यानंतर योजना कशी चुकीची आहे यावर भाषण नको. तुम्हाला वाटेल हे त्यांना जमणार नाही. कदाचित नाही जमणार. पण त्यांच्या डोक्यात ही गोष्ट ‘भाऊ किती टोकाचं वागला’ अशी बसलीय, ती ‘मी वहिनीला काय बोललो’ अशी फिरवणं तुमच्या हातात आहे. पेढ्यांचा हिशेब दाखवा. इंजिनिअर माणूस आहे, आकडे कळतील.

साखरपुड्याच्या दिवशी हे काढू नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, व्याही असतील, आणि पोरीचा दिवस आहे. एक-दोन दिवस आधी जा. जाऊबाईंनी बोलावलंय ते तुम्हाला, म्हणजे मिस्टरांनी न बोलावता जायचं आहे. सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्याला काकाला आमंत्रण लागतं का? आपल्याकडे तरी लागत नाही. तो मान भाऊंना द्यायला हवा होता असं मिस्टरांना वाटत असेल, तर तेही राहू दे यंदा.

गेलातच तर एक गोष्ट करून बघा. भाऊ लासलगावला किंवा पिंपळगावला माल नेणार असतील, तर मिस्टरांनी ट्रॉलीवर बसून सोबत जावं. ते तिथलेच आहेत, लहानपणी गेले असतील, पण शेवटचं कधी? पहाटे निघायचं, आवारात रांगेत लागायचं. व्यापारी येतो, ट्रॉलीतून मूठभर कांदा उचलतो, एखादा फोडून बघतो, बोली होते आणि वर्षभराच्या मालाचा भाव मिनिटभरात ठरतो. त्यात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी, डागी वेगळा. मग काटा, मग पट्टी, मग वजावट. बोलीच्या त्या मिनिटात भावाच्या चेहऱ्याकडे बघावं. मी उपदेश करत नाहीये. मी स्वतः माझ्या मामासोबत गेले ती तो सत्तरीला आल्यावर, आणि तेव्हा मला माझ्या वडिलांचाच राग आला, जो अजून पुरता गेलेला नाही.

एका गोष्टीवर मात्र मी मऊ बोलणार नाही. ‘माझा हिस्सा वेगळा करून द्या.’ हे वाक्य जमिनीच्या घरात गंमत म्हणून, राग म्हणून, कशाही म्हणून बोलायचं नसतं. मिस्टरांना खरंच वाटणी हवी असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्यात वाईट काही नाही. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप होतं, त्याला कोर्ट लागत नाही. पण ‘सगळे’ म्हणजे कोण ते आधी बघा. तुम्ही दोन भावांचंच लिहिलंय. वारस म्हणून सासूबाई आहेत. सिन्नरची नणंद आहे, जिचं नाव पत्रात एका ओळीत येऊन गेलं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. रागाच्या भरात एकाने हिस्सा मागितला की चार जणांचे हिस्से उघडे पडतात. आणि भाऊंनी इतकी वर्षं विहीर, पाइपलाइन, चाळ यांत पैसा घातला असेल, त्याचा हिशेब कोण करणार? हवी असेल तर वाटणी शांतपणे, साखरपुडा आणि लग्न दोन्ही पार पडल्यावर, नणंदेला बोलावून बोला. नको असेल तर मिस्टरांनी भाऊंना फोन करून तेवढं एक वाक्य मागे घ्यावं. हा फोन मात्र भाऊंनाच. तो आजच झाला तर बरं, कारण जमिनीचं बोलणं आता गावात पोचलं असेल, आणि गावात दोन भावांच्या मध्ये शिरायला बसलेली माणसं नेहमीच असतात.

बाकी किरकोळ. जेवताना टीव्ही बंद ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मुलांचा तुम्ही उल्लेख केला नाहीत, पण घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्या कानावर ‘काकू’ आणि ‘पंधराशे’ हे शब्द एकत्र पडलेत, एवढं लक्षात असू द्या. सासूबाईंना वरळीच्या व्यासपीठाचं काही लागलं असेल तर त्यांना हसू नका. तो कार्यक्रम पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय मागे घेतल्यानंतरचा होता, जवळपास वीस वर्षांनी ते दोघं एकत्र दिसले, आणि त्यात राजकारण किती नि भाऊबंदकी किती हे बघणाऱ्याने ठरवायचं. म्हातारीने त्यातलं तिला हवं ते घेतलं. गंमत अशी की हिंदीच्या त्या निर्णयावर तुमचे दोघंही बहुधा एकाच बाजूला असतील. विचारून बघा. पण त्यावर सलोखा उभा करायला जाऊ नका, एका मुद्द्यावर एकमत झालं म्हणून वहिनीचा शब्द भरून निघत नाही.

गोण्यांचं काय? मागू नका. ‘विकत घेतो’ असंही म्हणू नका, ते तर मागण्याहून वाईट. भाऊबंदांच्या गोणीचा भाव काढायचा नसतो. बाजारातून आणा आणि खा. आल्या तर पैसे पुढे न करता ठेवून घ्या, आणि दोन किलो शेजारी द्या, नेहमी देत असाल तशा.

ग्रुपवरची ती इमोजी आता पुसायला जाऊ नका. इतक्या दिवसांनी ती पुसली जाणार नाही, आणि जाऊबाईंनी बघायची ती तेव्हाच बघितली आहे. भाऊंना ग्रुपमध्ये परत घ्यायचं कामही तुमचं नाही. ज्याच्या वाक्यावर ते गेले, त्यानेच घ्यावं, आणि तेही आधी विचारून.

फोन कधी करायचा तेवढं सांगून थांबते. डिसेंबर म्हणजे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस. मजूर बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर सकाळी आठला वाफ्यात उभ्या असतात आणि जाऊबाई त्यांच्यासोबत. सकाळी केलात तर त्या चिखलाच्या हाताने उचलतील आणि ‘बोल पटकन’ म्हणतील. दुपारी दीड-दोनला करा, जेवण झाल्यावर. आणि पहिल्यांदा विचारा की रोपं कशी आहेत.